पाठीमागून येणारा ध्वनि

शब्द उत्पत्तिस्थानापासून कानापर्यंत कसा पोंचतो, हें सांगतांना आपल्या नैयायिकांनीं दोन दृष्टांत योजिले आहेत. पहिला वीचीतरंगाचा: पाण्यांत एका लाटेनें दुसरी उठवीत काठापर्यंत जावें, तसा. दुसरा कदंबाच्या कळीचा: तिच्यावर चहूंकडून एकाच वेळीं केसर फुटतात, तसा शब्द दशदिशांस निघतो. विश्वनाथाच्या ‘भाषापरिच्छेदां’त हे दोन्ही पक्ष दिलेले आहेत. घरच्या घरीं चित्रपट पाहण्यासाठीं हल्लीं ‘होम थिएटर’ची जी खोली सजवितात, तिच्यासंबंधांत हा कदंब विशेष ध्यानीं ठेवण्याजोगा आहे. विकत घेणारास वाटतें कीं, स्पीकरचें तोंड आपल्याकडे केलें म्हणजे ध्वनि आपल्याकडेच येईल. वस्तुतः तो थेट तर येतोच, शिवाय भिंती, छत आणि फरशी यांवरून उलटून पुन्हा पुन्हा येतो.

अशा खोलींतील पांच स्पीकरांपैकीं समोरच्या तिघांबद्दल फारसा घोळ होत नाहीं. घोळ होतो तो ज्यांस ‘सराउंड’ म्हणतात त्या बाजूच्या दोघांबद्दल. प्रेक्षकांच्या भोंवतीं ध्वनि खेळविण्याचा पहिला मोठा प्रयोग १९४० सालीं वॉल्ट डिस्ने यांच्या ‘फँटेसिया’ या चित्रपटाच्या वेळीं झाला. १९७९ च्या ‘अपोकॅलिप्स नाउ’मध्यें डाव्या व उजव्या सराउंडसाठीं स्वतंत्र ध्वनि दिला गेला, आणि १९९२ पासून डॉल्बी डिजिटलच्या योगानें पांच पूर्ण आणि एक केवळ खर्जाचा अशी आजची रचना रूढ झाली. परंतु चित्रपटगृहांत सराउंडसाठीं भिंतींवर स्पीकरांची रांगच्या रांग असते. घरीं तेंच काम एकेका स्पीकरकडून करून घ्यावयाचें असतें. म्हणून तो कोठें बसवितों यावर सारें अवलंबून.

खरेदीबद्दल माझें मत थोडक्यांत सांगतों. सराउंडचें काम पाऊस, गर्दी, रहदारी, रानांतले किडे असली भोंवतालची सृष्टि उभी करण्याचें आहे. संवाद बहुतेक सर्व मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतात. शिवाय ८० हर्ट्झखालचा खर्ज रिसीव्हरमधून सबवूफरकडे वळवितां येतो. तेव्हां सराउंडसाठीं मोठे थोरले स्पीकर घेण्याचें कारण नाहीं. चार-पांच इंची पडद्याचे साधे स्पीकर पुरतात. मात्र ते शक्यतों समोरच्या स्पीकरांच्याच जातीचे असावेत, नाहीं तर समोरून मागें जाणारी मोटार अर्ध्या वाटेंत आवाज बदलते. वांचलेला पैसा सेंटर स्पीकरवर घालावा. कित्येक घरीं नेमकें उलट झालेलें दिसतें.

आतां जागा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणें ऐकणारा वर्तुळाच्या मध्यबिंदूवर आहे असें मानावें. सेंटर स्पीकर बरोबर समोर, डावा-उजवा त्याच्यापासून ३० अंशांवर आणि सराउंड १०० ते १२० अंशांच्या दरम्यान. म्हणजे सराउंड अगदीं पाठीशीं नव्हेत, तर कानांच्या रेषेच्या किंचित् मागें. कोनमापक घेऊन बसण्याची जरुरी नाहीं. बाजूची भिंत ५ फुटांवर असेल, तर कानाच्या रेषेपासून पावणेदोन-दोन फूट मागें सरकलें कीं सुमारें ११० अंश होतात. आपल्याकडे सोफा बहुधा मागच्या भिंतीलाच टेकलेला असतो आणि स्पीकर त्याच भिंतीच्या दोन कोपऱ्यांत, छताला लागून टांगलेले असतात. कोपऱ्यांत आवाज घुमतो आणि पावसाचा पाऊस न राहतां नळाची धार होते. सोफा हात-दीड हात पुढें ओढावा. तें शक्यच नसेल, तर स्पीकर बाजूच्या भिंतींवर, कानांच्या सरळ रेषेंत आणावेत.

येथपर्यंत पुस्तकी नियम झाला. त्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: ऐकणारा एकच आहे. आपल्या घरांत रात्रीं चित्रपट लागला कीं आठ माणसें बसतात. मध्यबिंदूवर कोण बसतो? बहुधा ज्यानें यंत्र आणलें तो. आजोबा बाजूच्या आरामखुर्चींत असतात, आणि घरची सून, तिला मधून मधून उठावें लागतें म्हणून, दाराजवळच्या टोकाला, म्हणजे बरोबर सराउंडच्या तोंडाशीं. तिच्या वाट्याला चित्रपट येत नाहीं, एका कानांत ओतलेला गोंगाट येतो. हा केवळ सोयीचा प्रश्न आहे असें मला वाटत नाहीं.

त्यावर उपाय आहे, आणि तो बिनखर्ची आहे. स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानापासून दोन-अडीच फूट वर चढवावा. गणित असें. टोकाचा माणूस स्पीकरपासून २ फुटांवर आणि पलीकडचा १० फुटांवर असेल, तर मोकळ्या जागेंत दोघांच्या ऐकण्यांत १४ डेसिबलचा फरक पडतो. तोच स्पीकर अडीच फूट वर नेला, तर तिरकीं अंतरें सुमारें ३.२ व १०.३ फूट होतात आणि फरक १० डेसिबलवर येतो. स्पीकरचें तोंड जवळच्या माणसाकडे न करतां त्याच्या डोक्यावरून समोरच्या भिंतीकडे केलें, म्हणजे फरक आणखी घटतो. ज्यांनीं छतांतही स्पीकर बसविले आहेत (डॉल्बी ॲटमॉस ही पद्धति घरांसाठीं २०१४ पासून आली), त्यांनीं मात्र बाजूचे इतके चढवूं नयेत. खालचें आणि वरचें यांतील भेदच नाहींसा होईल.

अंतराचा आणखी एक परिणाम आहे. ध्वनीला एक फूट चालण्यास एका सेकंदाचा हजारावा भाग, किंबहुना त्याहून थोडा कमी, वेळ लागतो. एकच ध्वनि दोन ठिकाणांहून अशा अल्प अंतरानें कानीं आला, तर मनुष्यास तो अगोदर पोंचलेल्या बाजूचाच वाटतो. हें हेल्मुट हास या जर्मन संशोधकानें १९४९ मध्यें प्रयोगानें दाखविलें. म्हणून रिसीव्हरमध्यें प्रत्येक स्पीकरचें अंतर टेपनें मोजून भरावें. जवळचा स्पीकर तो तितका थांबवून वाजवितो. पण ही जुळणी एकाच आसनापुरती असते, हें विसरूं नये. मायक्रोफोननें आपोआप मोजणारा रिसीव्हर असेल, तर मायक्रोफोन चार-पांच आसनांवर ठेवून मोजणी करावी.

पातळीसाठीं रिसीव्हर चांचणीचा खरखराट देतो. प्रत्येक स्पीकरचा तो मधल्या आसनावर ७५ डेसिबल भरावा अशी रीत आहे. येथें मोह आवरावा लागतो. पैसे मोजले आहेत, तेव्हां मागचे स्पीकर ऐकूं आलेच पाहिजेत, असें म्हणून लोक ते वाढवितात. वाढत्या वयांत उच्च कंपनांचें ऐकणें प्रथम कमी होतें, आणि स, श, त, क हीं व्यंजनें त्याच कंपनांवर ओळखलीं जातात. आजोबांना कोणी बोलतो आहे हें कळतें, काय बोलतो तें कळत नाहीं. त्यांत मागून पाऊस कोसळत असेल, तर ते दहा मिनिटांत उठून आपल्या खोलींत जातात, आणि घरचीं माणसें म्हणतात, त्यांना चित्रपटाची आवडच नाहीं. सेंटर स्पीकर दोन-तीन डेसिबलनें चढवून सराउंड तितकेच उतरवावेत आणि त्यांना पुन्हा बोलवावें.

भरताच्या नाट्यशास्त्रांत दुसऱ्या अध्यायांत प्रेक्षागृहाचें मान सांगितलें आहे. ६४ हात लांब व ३२ हात रुंद असें मध्यम गृह तो पसंत करतो. कारण फार मोठ्यांत उच्चार स्पष्ट राहत नाहीं. तें गुहेसारखें, लहान खिडक्यांचें आणि निर्वात असावें, म्हणजे शब्द गंभीर उमटतो, असाही त्याचा अभिप्राय आहे. आपली खोली उलट चकचकीत फरशीची, मोठ्या कांचांची. मध्यें उभें राहून टाळी वाजवून पहावी. टाळीमागें झणझण ऐकूं आली, तर नवे स्पीकर आणण्यापूर्वीं जाड सतरंजी आणि पडदे आणावेत. मागच्या भिंतीशीं पुस्तकांचें उघडें कपाट असल्यास फारच उत्तम.

जोडणी करतांना लाल टोकास लाल व काळ्यास काळें हें कटाक्षानें पाहावें. एका स्पीकरचें उलटें झालें, तर आवाज पोकळ येतो आणि दोष यंत्राला दिला जातो. भिंतीला भोंक पाडण्याची मात्र घाई नको. आठ दिवस स्पीकर उंच स्टुलावर किंवा कपाटावर ठेवून घरांतील प्रत्येकानें आपापल्या नेहमींच्या जागेवरून ऐकावें, आरामखुर्चींतून आणि दाराजवळूनही, आणि मग सुतारास बोलवावें. सबवूफरचें प्रकरण निराळें आहे. त्यांत खालच्या मजल्यावरचे शेजारीही येतात. तें पुढील अंकीं.