वेगळे म्हणजे नेमके कुणापासून वेगळे?

शिक्षक मित्रांनो, फळ्यावर म, भ, म अशी तीन अक्षरे लिहा आणि विचारा, ही सगळी वेगवेगळी आहेत का? माझा निम्मा वर्ग 'हो' म्हणाला. शेजारची जोडी बघितली तर मुलांचं चुकत नाही. म आणि भ वेगळे, भ आणि म वेगळे. पण पहिला म आणि तिसरा म?

हेच कॉमन लिस्प या संगणकभाषेतल्या 'कॅर/=' ला विचारा (कॅर म्हणजे कॅरॅक्टर, आणि /= म्हणजे आपलं ≠). उत्तर येतं 'निल', म्हणजे नाही. ते प्रत्येक जोडी धरतं. तीन अक्षरांच्या तीन जोड्या, चारांच्या सहा.

समान असण्याचं तसं नाही. पहिलं दुसऱ्यासारखं, दुसरं तिसऱ्यासारखं, की झालं काम. वेगळेपणाला हा शॉर्टकट चालत नाही. आणि आपण ≠ शिकवतो तो कायम दोनच संख्यांमध्ये! माझ्या मते घोटाळा तिथेच आहे. तिसरी वस्तू पहिल्याच दिवशी आणा.

इंग्रजीत लहान-मोठ्या लिपीची आणखी एक भानगड असते. 'कॅर/=' ला लहान ए आणि मोठा ए वेगळे वाटतात; तो फरक सोडायचा तर 'कॅर-नॉट-इक्वल' वापरावं लागतं. देवनागरीत ती कटकटच नाही.

मागच्या वर्षी एका मुलीने असल्याच प्रश्नाला 'नाही' लिहिलं होतं. मी घाईत फुली मारली. परवा तिला पाचवीच्या वर्गातून बोलावून सांगितलं, बाळा, तुझं बरोबर होतं.