तिथं आहे काय?

गेल्या हिवाळ्यात पुण्यातील एका महाविद्यालयात कामगार साहित्यावर दोन दिवसांचे चर्चासत्र झाले. निबंध रीतसर वाचले गेले. नारायण सुर्वे आले, अण्णाभाऊ आले, १९८२ च्या गिरणी संपाची उजळणी झाली, जयंत पवारांच्या ‘अधांतर’वर एक बरा निबंध झाला. चहाच्या वेळी मी चार सहकाऱ्यांना सहज सांगितले, की येत्या जूनमध्ये पुणे सोडून सोलापूरला राहायला जाण्याचा आमचा विचार चालू आहे. सकाळी ‘माझे विद्यापीठ’वर पाऊण तास बोललेल्या गृहस्थांनी कप खाली ठेवला आणि विचारले, ‘सोलापूरला? तिथं आहे काय?’ इतर तिघांनी माना डोलावल्या.

मला तेव्हा उत्तर सुचले नाही. याचे कारण असे, की तो प्रश्न माझ्याही मनात होता. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाला दिलेले, उशिरा सुचलेले उत्तर आहे.

आधी वस्तुस्थिती. गेली चौदा वर्षे मी पुण्यात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. मे-जूनमध्ये वर्ग नसतात, म्हणून मानधनही नसते. इतर महिन्यांचे कधी दिवाळीला, कधी मार्चअखेर हाती येते. नवरा प्रकाशकांसाठी अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन करतो. ते काम कुठेही बसून होते. दोघांच्या मिळकतीतला निम्म्याहून अधिक भाग घरभाड्यात जातो. सोलापूरच्या एका महाविद्यालयाने तासिका देऊ केल्या आहेत. मानधनाचा दर राज्यभर एकच. भाडे मात्र तिथे पुण्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतके आणि एक खोली जास्त. माझे माहेर बार्शीचे, तेव्हा तो जिल्हा मला परका नाही. हिशेब तिसरीतल्या मुलालाही सुटेल असा आहे. मग आम्ही वर्षभर का अडलो?

पहिला आक्षेप ‘वाङ्मयीन वातावरणा’चा. पुण्यात व्याख्याने होतात, प्रकाशने होतात, माणसे भेटतात. तिकडे तुम्ही वाळून जाल. याचे सोपे उत्तर यादी देऊन देता येते. १९४१ साली वि. स. खांडेकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन सोलापुरात भरले, २००६ साली मारुती चितमपल्लींच्या अध्यक्षतेखाली पुन्हा तिथेच भरले. चितमपल्ली त्याच गावात जन्मले आणि आयुष्यभर रानावनांत हिंडून अखेरीस तिथेच परतले. २०२५ च्या जूनमध्ये त्यांचे तिथेच निधन झाले. ‘डांगोरा एका नगरीचा’ या कादंबरीसाठी २००३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले त्र्यं. वि. सरदेशमुख सोलापुरात राहून लिहीत होते. त्यांच्या समीक्षेतील गांभीर्य एखाद्या प्रकाशन समारंभात मिळाले असते, असे वाटत नाही.

पण अशा यादीने काही सिद्ध होत नाही. पुण्याच्या मोजपट्टीवर सोलापूरही थोडे पुणेच आहे, एवढेच ती सांगते. खरा प्रश्न मोजपट्टीचा आहे. चौदा वर्षांत या वातावरणाने मला काय दिले, याचा मी प्रामाणिक हिशेब मांडला. दिवसाचे तीन तास बसमध्ये जातात. संध्याकाळच्या व्याख्यानाला मी वर्षातून चार-पाचदा जाते. ज्यांच्याशी वाङ्मयीन चर्चा होते ते सहकारी फोनवरच भेटतात, आणि फोन सोलापुरातही आहे. वातावरण आहे, यात शंका नाही. त्याचे भाडे मी भरते. राहतात त्यात दुसरेच.

दुसरा आक्षेप मुलीच्या भविष्याचा. ती आठवीत आहे. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. आपल्या हौसेपायी किंवा आपल्या तत्त्वापायी मुलांना ओढत नेऊ नये, असे माझे मत आहे. सोलापुरात पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या आसपास जातो. शिकलेली मुले तिथून पुण्याचीच गाडी पकडतात. हे सगळे खरे आहे. मुलीने स्वतः विचारले, ‘तिथं माझी स्वतःची खोली असेल का?’ असेल, असे मी सांगितले. तिचा निर्णय तेवढ्यावर झाला. माझा इतक्या लवकर झाला नाही.

तिसरा वर्ग आक्षेप घेणाऱ्यांचा नव्हे, पाठ थोपटणाऱ्यांचा आहे, आणि मला त्यांची अधिक भीती वाटते. ‘जा, जरूर जा. तिथं खरं जीवन बघायला मिळेल. लिहायला केवढी सामग्री!’ म्हणजे गाव हे कच्च्या मालाचे कोठार, आणि आपण तिथे पोती घेऊन जायचे. सुर्वे गिरणगावात सामग्री गोळा करायला गेले नव्हते. त्यांना तिथे जगावे लागले, काम करावे लागले, आणि त्यातून कविता झाली. आम्ही या क्रमाची उलटापालट करतो. ‘तिथं आहे काय?’ म्हणणारा गावाकडे पाहत नाही. ‘तिथं केवढं आहे!’ म्हणणारा गावाला विषय करून टाकतो. दोघांपैकी कोणालाही तिथे शेजारी नको आहे.

आता माझ्या स्वतःच्या आक्षेपाकडे येते. गाव ‘स्वस्त’ आहे, हे वाक्य मी वर्षभर अगदी निर्धास्तपणे वापरत होते. गेल्या मार्चमध्ये आम्ही घर पाहायला गेलो. शहराच्या पूर्व भागात, म्हणजे तेलुगूभाषक पद्मशाली विणकरांच्या वस्तीत, गल्लीगल्लीतून यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो. चादरी आणि टॉवेल तिथे तयार होतात. लक्ष्मी-विष्णू, नरसिंगगिरजी या मोठ्या गिरण्या केव्हाच बंद पडल्या. काम मात्र बंद पडले नाही. ते भोंगा असलेल्या आवारातून निघून शेडमध्ये आणि घराघरांत गेले. उंबऱ्यावर मांडीवर सूप घेऊन बायका विड्या वळत असतात. मजुरी हजार विड्यांमागे. खराब म्हणून बाजूला काढलेल्या विडीचे पैसे मिळत नाहीत. पान, तंबाखू आणि वेळ मात्र गेलेला असतो.

घरमालक सज्जन होते. चहा दिला. आधी आडनाव विचारले. पुण्यातही आधी तेच विचारतात, त्यामुळे त्याचे नवल वाटले नाही. मग म्हणाले, ‘मॅडम, तुमच्यासारखी माणसं मिळाली तर बरं. मागावरचं एक कुटुंब मागतंय, पण ते आठ-नऊ जण. तुमच्यासाठी दोनशे कमी करतो.’

त्या दोनशे रुपयांपाशी माझा हिशेब थांबला. गाव स्वस्त आहे, कारण तिथली मजुरी स्वस्त आहे. भाजी, भाडे, शिलाई, रिक्षा यांतल्या प्रत्येक बचतीत कोणाच्या तरी हजार विड्यांची मजुरी दडलेली आहे. आणि जिला मागावरच्या कुटुंबाहून कमी भाडे सांगितले जाते, ती कामगारांच्या गावात राहायला आलेली नसते. त्यांच्या जागेवर बसायला आलेली असते. आम्ही ते घर घेतले नाही. त्यात मोठेपणा नाही. दुसरे घेतले, आणि त्याही मालकाने मनात तोच हिशेब केला असेल.

‘स्वस्त’ या शब्दाला आणखी एक बाजू आहे. आदिवासींच्या लढ्यावरच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकासाठी गोदावरी परुळेकरांना १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आम्ही ते पुस्तक अभ्यासक्रमात कधी घेतो, कधी वगळतो. सोलापूरलगत कुंभारी येथे त्याच गोदूताईंच्या नावाने विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत उभी आहे. लोक तिला ‘विडी घरकुल’ म्हणतात. २०२४ च्या जानेवारीत तिथेच रे नगरमध्ये आणखी पंधरा हजार घरांच्या किल्ल्या असंघटित कामगारांना मिळाल्या. त्या घरांसाठी युनियनला वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले. मराठी लेखिकेच्या नावाने याहून मोठे स्मारक कुठे असेल तर मला ठाऊक नाही. आमच्या चर्चासत्रात मात्र त्याचा उल्लेख झाला नाही. ज्या गावात मला महिनाभर शोधून घर मिळते, तिथे विडी वळणाऱ्या बाईला त्यासाठी निम्मे आयुष्य रस्त्यावर काढावे लागते. तेव्हा ‘परवडणारे गाव’ म्हणताना कोणाला परवडणारे, हा शब्द गाळून चालणार नाही.

त्याच फेरीत त्या महाविद्यालयात एक तासिका घेतली. विषय कामगार कविता. मी चिमणी, भोंगा, पाळी, संप असे सगळे फळ्यावर लिहिले. मागच्या बाकावरची एक मुलगी, घरी तेलुगू बोलणारी आणि मराठीत एम. ए. करणारी, म्हणाली, ‘मॅडम, यात भोंगा झाल्यावर माणूस कामावर जातो. आमच्याकडं आई कामावर जातच नाही. काम घरातच आहे. मग भोंगा कुठं वाजायचा?’

मी चौदा वर्षे हा विषय शिकवते. कामगार म्हणजे घराबाहेर पडणारा पुरुष, हे आमच्या समीक्षेचे गृहीतक मला पुण्यात कधी टोचले नाही. ते टोचण्यासाठी सोलापूरलाच जायला हवे होते, असे नाही. पुण्यातही घरात बसून काम करणाऱ्या बायका आहेत. पण पुण्यात त्यांच्या मुली माझ्या वर्गात नव्हत्या, किंवा असतील तर त्यांनी हात वर केला नव्हता.

आणि मग लक्षात आले, की मीही हजारीवरच काम करते. तिला विडीमागे, मला तासिकेमागे. खाडा झाला तर तिचेही पैसे जातात, माझेही. तिच्या मिळकतीला मजुरी म्हणतात आणि माझ्या मिळकतीला मानधन. त्या शब्दात मान किती आणि धन किती, हे तासिका तत्त्वावरच्या वाचकांना सांगायला नको. आम्ही दोघी सारख्या आहोत असा दावा मी करणार नाही. माझ्या नावापुढे पदवी आहे, घरमालक मला दोनशे रुपये कमी करतो, तिच्या फुप्फुसात तंबाखूची धूळ जाते. पण पांढरपेशेपणाचा जो आव आम्ही पुण्याचे भाडे भरून टिकवतो, त्याखाली मजुरीचाच करार आहे. आव टिकतो, म्हणून आम्ही संघटित होत नाही. विडी वळणाऱ्या बायका झाल्या. १९३० साली गांधीजींना अटक झाल्यावर त्या शहरातले गिरणी कामगार रस्त्यावर उतरले, सरकारला लष्करी कायदा पुकारावा लागला आणि १९३१ च्या जानेवारीत चौघांना फाशी झाली. त्या गावाला संघटना म्हणजे काय हे माझ्याकडून शिकायचे नाही.

थोडक्यात सांगायचे तर, कामगारांच्या गावी जाणे हा त्याग नाही आणि साहित्यिक मोहीमही नाही. तो एक व्यवहार आहे, आणि व्यवहारात देणे असते. भाडे वाचेल, तितका वेळ वाचेल. त्या वेळेवर त्या गावाचा काही हक्क आहे. पाणी येईल त्या दिवशी मीही हंडे भरीन. आणि ते रोज का येत नाही, हे विचारणाऱ्यांच्या रांगेतही उभी राहीन. दोन्ही रांगांत नुसते निरीक्षण करण्यासाठी उभे राहणार नाही, एवढे पथ्य पाळायचे आहे. पाळता येईल की नाही, हे आज सांगता येत नाही.

जूनमध्ये आम्ही जात आहोत. जाऊ नका असे ज्यांना सांगायचे आहे त्यांनी जरूर सांगावे. उन्हाचे, पाण्याचे, मुलीच्या शिक्षणाचे कारण मी ऐकून घेईन. पण ज्यांनी सुर्व्यांवर एक जरी निबंध वाचला आहे, त्यांनी ‘तिथं आहे काय?’ हे कारण म्हणून सांगू नये. मागच्या बाकावरच्या त्या मुलीला अजून माझे उत्तर मिळालेले नाही. माझ्यापुरते सध्या तिथे एवढे तरी आहे.