दूध काढायला जागा द्या



ऑगस्टचा पहिला आठवडा आला की स्तनपान सप्ताहाचे फलक दवाखान्यांपासून रेल्वे स्थानकांपर्यंत झळकतात. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्या, पुढे वरच्या आहाराबरोबर ते दोन वर्षांपर्यंत चालू ठेवा, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आता पाठ झाला आहे. सल्ला योग्यच आहे. पण आई कामावर रुजू झाल्यावर हे दूध बाळाच्या पोटात जायचे कसे, याविषयी फलकावर एक ओळही नसते.

हिशेब सरळ आहे. प्रसूती रजेच्या कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने ही रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. यातले आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. डॉक्टरांनी विश्रांती सांगितल्यामुळे जिला ते घ्यावे लागले, ती कामावर परतते तेव्हा तिचे बाळ जेमतेम चार महिन्यांचे असते. सल्ला सहा महिन्यांचा, हाती पडलेली रजा चार महिन्यांची. मधली तूट भरून काढायला बहुतेकींकडे उरतो तो ब्रेस्ट पंप, आणि नेमका त्याचाच विचार आपल्या कायद्याने केलेला नाही.

कायदा काय देतो? बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन वेळा सुटी. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघर आणि तिथे दिवसातून चार फेऱ्यांची मुभा. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हेच पुढे चालवले. दोन्ही तरतुदी बाळ हाकेच्या अंतरावर आहे असे धरून चालतात. चाळ गिरणीला लागून होती तेव्हा हे खपून गेले असेल. आज आई वांद्रे-कुर्ला संकुलात आणि बाळ डोंबिवलीला आजीपाशी. सकाळच्या लोकलमध्ये महिलांच्या डब्यात धड उभे राहता येत नाही, तिथे चार महिन्यांचे तान्हे घेऊन कोण चढणार? कार्यालयात उत्तम पाळणाघर असले तरी ते अशा आईच्या कामाचे नाही.

छाती मात्र दर तीन-चार तासांनी भरते. मीटिंग चालू आहे की साहेब आले आहेत, हे ती बघत नाही. वेळेवर दूध काढले नाही तर ती दाटते, गाठी होतात, ताप भरतो. असे वरचेवर होऊ लागले की दूध आटू लागते, कारण जितके निघते त्या मानानेच शरीर ते तयार करते. शिवाय बटण दाबले आणि दूध आले, असेही होत नाही. पान्हा फुटायला मन थोडे निवांत लागते. कुणी दार ठोठावत असेल तर नुसती मोटर घरघरत राहते. एका वेळेला पंधरा-वीस मिनिटे, मग सुटे भाग धुणे, बाटलीवर वेळ लिहिणे, ती थंड ठेवणे. काढलेले दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात साधारण चार तास टिकते. मुंबईच्या उकाड्यात आणि परतीच्या प्रवासात फ्रिज आणि बर्फाच्या पिशवीवाचून निभावत नाही.

मी कार्यालयात जागा मागितली तेव्हा "लेडीज टॉयलेट आहे की" असे उत्तर मिळाले. जिथे आपण स्वतःचा डबा उघडणार नाही, तिथे बाळाचा डबा भरायचा! उत्तर देणारा माणूस दुष्ट नव्हता. याहून अधिक काही देणे लागतो, असे कायद्याने त्याला कधी सांगितलेलेच नाही.

घरचीही तऱ्हा फार वेगळी नाही. बाटलीत किती मिलिलिटर आले ते सगळे निरखतात आणि "पुरत नसेल तर वरचे सुरू कर" असे सुचवतात. फ्रिजमधले दूध 'शिळे' म्हणून नाक मुरडले जाते. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये दूधपेढी सुरू केली. तिथे मातांनी काढून दिलेले दूधच साठवून अशक्त, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दिले जाते.

अमेरिकेत पगारी प्रसूती रजेचा राष्ट्रीय कायदा आजही नाही. पण दूध काढण्यासाठी बाळ वर्षाचे होईपर्यंत वेळ आणि आडोशाची, स्वच्छतागृह नसलेली जागा द्यावी, हे तिथे २०१० पासून कायद्यात आहे. २०२२ मध्ये ते आणखी कामगारांना लागू झाले. रजेत आपण त्यांच्या पुढे आहोत, जागेत मागे.

एसटी स्थानकांवर स्तनपानासाठी हिरकणी कक्ष आहेत, असे यावर सांगितले जाईल. आहेत, पण ते बाळ सोबत असलेल्या प्रवासी आईसाठी, आणि कित्येकदा कुलूपबंद. देवळालीच्या आमदार सरोज अहिरे डिसेंबर २०२२ मध्ये अडीच महिन्यांच्या बाळासह नागपूर अधिवेशनाला आल्या, तेव्हा कौतुकाचा पाऊस पडला. पुढच्याच अधिवेशनात मुंबईच्या विधान भवनातल्या हिरकणी कक्षात धूळ असल्याची तक्रार त्यांना करावी लागली. जिथे कायदे होतात तिथे ही गत, तर इतरत्र काय असणार? हिरकणीची कथा सांगताना तिच्या धाडसाने आपण भारावतो. गडाचे दरवाजे बंद होते म्हणून तिला कडा उतरावा लागला, हा भाग मात्र कथेतच ठेवतो.

लहान कार्यालयांना हे परवडणार नाही, हा आक्षेपही टिकत नाही. आतून कडी लागणारी छोटी खोली, खुर्ची, विजेचे बटण, जवळ बेसिन आणि फ्रिजचा एक कप्पा, एवढेच लागते. वेळेचे म्हणाल, तर सिगारेट ओढायला खाली गेलेल्यांची मिनिटे कुणी मोजत नाही. जिथे एकाच आईसाठी खोली शक्य नाही, तिथे एका इमारतीतल्या आस्थापनांनी मिळून एक ठेवावी. तीच सोय एसटीच्या महिला वाहकाला तिच्या आगारात आणि महिला पोलिसाला ठाण्यात मिळायला हवी.

सार्वजनिक इमारतींत स्तनपानासाठी जागा ठेवण्याच्या केंद्राच्या सूचनेची आठवण सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यांना करून दिली. राज्य सरकारने तिथेच न थांबता कामाच्या ठिकाणी दूध काढण्याची जागा, वेळ आणि साठवण यांची सक्ती नियमांतच करावी, आणि त्याची सुरुवात मंत्रालय व जिल्हाधिकारी कार्यालयांपासून करावी. ते होत नाही तोवर पुढच्या ऑगस्टमध्ये आम्हाला आईच्या दुधाची महती सांगणारे फलक लावू नयेत. ती आम्हाला ठाऊक आहे.

— एक नोकरदार आई, डोंबिवली