रणवाद्यें आणि कोंवळे कान

नाशिक शहरास सैन्य नवें नाहीं. देवळालीच्या माळावर तोफांचा सराव सुरू झाला म्हणजे त्याचा धडधडाट आसपासच्या गांवांत ऐकूं येतो. तेथील मुलें त्या आवाजानें दचकत नाहींत, तीं तो ऐकतच वाढलेलीं असतात. तोफखान्याची शाळा १९४१ सालीं काकूलहून देवळालीस आली. नाशिकरोडला तोफखान्याचें केंद्र आहे, आणि तेथें कोवळ्या रंगरुटांचे तोफची होतात. लष्करी पोशाखांतला माणूस हा एस. टी.च्या थांब्यावरचा आमचा नेहमींचा शेजारी आहे. तेव्हां सैन्य आणि नागरिक यांच्यामध्यें परकेपणाची भिंत असावी असें म्हणणाऱ्यांपैकीं आम्ही नव्हों. ही गोष्ट आरंभींच सांगून ठेवतों. कारण पुढें जें लिहावयाचें आहे त्याचा विपर्यास होण्याचा पुष्कळ संभव आहे.

गेल्या कांहीं वर्षांत सैन्याचे वाद्यवृंद संचलनभूमि सोडून प्रदर्शनांच्या मांडवांत, महाविद्यालयांच्या पटांगणांत आणि बाजारपेठांच्या चौकांत येऊं लागले आहेत. १५ ऑगस्ट २०२५ च्या सुमारास तर देशभर शंभराहून अधिक ठिकाणीं सैन्य, निमलष्करी दलें आणि एन. सी. सी. यांच्या वाद्यवृंदांचे जाहीर कार्यक्रम झाले. अशा कार्यक्रमाचें स्वरूप वाचकांस परिचित आहे. आरंभीं एकादें संचलनगीत होतें. मग पितळी वाद्यांच्या जोडीला गिटार आणि ड्रमसेट येतात, लोकप्रिय चित्रपटाची धून सुरू होते, पोरें टाळ्यांचा ठेका धरतात, हातांतले फोन उंच होतात. शेजारीं तोफ उभी करून ठेवलेली असली तर तिच्यापाशीं छायाचित्रासाठीं रांग लागते. तासाभरानें सारें आटोपतें, आणि सोळा-सतरा वर्षांचा मुलगा घरीं येऊन आईस सांगतो, “मी सैन्यांत जाणार.”

या प्रकाराविषयीं आमच्या सुशिक्षित वर्गांत दोन मतें ऐकूं येतात. पहिला पक्ष म्हणतो कीं, गणवेश घालून चित्रपटांतील गाणीं वाजविणें ही गणवेशाची विटंबना आहे. दुसरा पक्ष म्हणतो कीं, तरुणांना सैन्याची ओढ लागावयास हवी, आणि ती त्यांच्याच आवडीच्या गाण्यांनीं लागत असेल तर त्यांत वावगें काय? आम्हांस हे दोन्ही पक्ष सारखेच अमान्य आहेत. पहिला चुकीच्या ठिकाणीं रागावतो, आणि दुसरा चुकीच्या ठिकाणीं निश्चिंत राहतो.

पहिल्या पक्षाचा समाचार थोडक्यांत घेतां येईल. लष्करी संगीत म्हणजे कांहीं सोंवळ्यांत ठेवलेली वस्तु नव्हे. छावणी आणि बाजार यांच्यांत सुरांची देवघेव फार जुनी आहे. गोऱ्या पलटणींचे बिगुल आणि पितळी भोंगे आमच्या शहरांत आले, आणि पाहतां पाहतां आम्हीं त्यांची वरात केली. आजहि लग्नांत वाजविणारा बँडवाला खांद्यावर झुबके आणि छातीवर जरीच्या पट्ट्या लावून येतो; कोणा पलटणीचा तो पोशाख होता हें त्यालाहि ठाऊक नसतें आणि नवरदेवालाहि नसतें. नाशिकच्या नांवानें ओळखला जाणारा ढोल थेट केरळच्या मिरवणुकींपर्यंत जाऊन पोंचला आहे. त्याला कोणी कधीं प्रवेशपत्र विचारलें नाहीं. स्वतंत्र भारतानें १९५० सालीं पंचमढीस सैनिकी संगीताच्या शिक्षणाची व्यवस्था केली, तेव्हांपासून देशी धुनी आणि विलायती वाद्यें यांचा संसार एकत्रच चालला आहे. आझाद हिंद सेनेचें सुप्रसिद्ध संचलनगीत राम सिंग ठाकुरी या गुरखा वादकानें बांधलें. इंग्रज सरकारानें तें राजद्रोही ठरविलें, आणि आज त्याच चालीवर भारतीय सैन्य पावलें टाकतें. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनीं विलायती नाचाचे ठेके हिंदी चित्रपटांत आणिले म्हणून त्या काळच्या शिष्टांनीं नाकें मुरडलीं. पण १९६२ च्या युद्धांत पडलेल्या जवानांवर कवि प्रदीप यांनीं लिहिलेल्या गीतास चाल देण्याची वेळ आली तेव्हां ती त्यांनींच दिली, आणि २७ जानेवारी १९६३ रोजीं दिल्लींत लताबाईंच्या कंठांतून ती साऱ्या देशानें ऐकिली. २०२२ सालीं ‘बीटिंग रिट्रीट’च्या सोहळ्यांतून गांधीजींस प्रिय असलेलें एक ख्रिस्ती प्रार्थनागीत वगळलें गेलें आणि सी. रामचंद्रांची हीच चाल तेथें वाजली. त्या वेळीं विलायती सूर कीं देशी सूर यावर आमच्या विद्वानांनीं बरीच शाई खर्ची घातली. सूर कोणाचा हें त्यांनीं विचारलें. तो कोणाच्या कानांत आणि कशासाठीं घातला जातो हें मात्र कोणी विचारलें नाहीं.

आमचा वाद येथेंच सुरू होतो. त्यासाठीं देवळालीचाच एक जुना दाखला देतों.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस देवळालीच्या छावणींत इंग्रजी तोफखान्याच्या शिपायांची एक करमणूक-मंडळी होती. तोफा चालविणारेच लोक गात, नाचत, बायकांचीं सोंगें आणीत आणि आपल्या सोबत्यांना हंसवीत. जिमी पेरी नांवाचा एक तरुण बॉम्बार्डियर त्या मंडळींत होता. पुढें त्यानें आणि डेव्हिड क्रॉफ्टनें त्या आठवणींवर बी. बी. सी.साठीं एक विनोदी मालिका लिहिली. ती १९७४ पासून १९८१ पर्यंत चालली आणि इंग्लंडांतील घराघरांत देवळालीचें नांव गेलें. त्या मालिकेंत रंगी राम या हिंदी माणसाची भूमिका मायकेल बेट्स या गोऱ्या नटानें तोंडास रंग फांसून केली होती. अशा गोष्टींमुळें ती आज सहसा पुन्हां दाखविली जात नाहीं, आणि तें योग्यच आहे. परंतु मूळच्या मंडळीविषयीं एक गोष्ट कबूल केली पाहिजे. तिचे श्रोते शिपाई होते. ब्रह्मदेशच्या जंगलांत काय होतें हें त्यांतील पुष्कळांनीं पाहिलें होतें, आणि ज्यांनीं पाहिलें नव्हतें त्यांना तें लवकरच पाहावयाचें होतें. कोणालाहि सैन्यांत ओढण्यासाठीं तें गाणें नव्हतें; जे आधींच सांपडले होते त्यांची रात्र सरावी म्हणून तें होतें. हिंदी शिपायांसाठीं त्या काळीं ‘फौजी दिलखुश सभा’ निघाली होती, तिचेंहि प्रयोजन हेंच. मरणाची ओळख असलेल्या माणसाला हंसविणें हा दयाधर्म आहे. मरणाची ओळख नसलेल्या मुलाला त्याच गाण्यानें नाचविणें ही निराळी क्रिया आहे, आणि सूर एकच असल्यामुळें ती एकच आहे असें समजणें ही दुसऱ्या पक्षाची मूळ चूक होय.

देवळालीनें इंग्रजी भाषेस एक शब्दहि दिला आहे. मुदत संपलेले गोरे शिपाई स्वदेशीं जाणाऱ्या गलबताची वाट पाहत या छावणींत महिनेच्या महिने पडून राहत. उन्हाळा, ताप, दारू आणि रिकामपण यांनीं कित्येकांचीं डोकीं फिरत. त्या अवस्थेला शिपाई ‘डुलाली टॅप’ म्हणूं लागले. त्यांतला ‘डुलाली’ म्हणजे आमची देवळाली, आणि ‘टॅप’ म्हणजे आमचा तापच. आजहि वेड लागलेल्या माणसास इंग्रजींत ‘डुलाली’ म्हणतात. म्हणजे आमच्या गांवाचें नांव जगाच्या कोशांत गेलें तें कोणा विजयामुळें नव्हे. शिपाई म्हणून जगण्याचा जो भाग कोणत्याच बँडवर वाजत नाहीं, त्याच्यामुळें गेलें. वाट पाहणें, कंटाळणें, घराची आठवण, मनाचा तोल जाणें: हा त्या धंद्याचा मोठा हिस्सा आहे. तासाभराच्या कार्यक्रमांत त्याचा एक सूरहि मुलांच्या कानीं पडत नाहीं.

आतां मुलाच्या बाजूनें पाहूं. जून २०२२ मध्यें सरकारनें अग्निपथ योजना जाहीर केली. तीप्रमाणें साडेसतरा वर्षांचा मुलगा भरती होऊं शकतो; नोकरी चार वर्षांची; त्यानंतर जास्तींत जास्त शेंकडा २५ जणांना कायम करावयाचें आणि उरलेल्यांनीं घरीं परतावयाचें. ही योजना चांगली कीं वाईट हा या लेखाचा विषय नाहीं. पण ज्या वयांत आम्ही मुलाला एकट्यानें बँकेंत खातें चालवूं देण्यास कचरतों, त्याच वयांत तो आपल्या आयुष्यांतील सर्वांत मोठा निर्णय घेत आहे, एवढें तीमुळें स्पष्ट झालें. ऑक्टोबर २०२४ मध्यें देवळालीच्याच माळावर तोफेच्या सरावांत गोळा फुटून दोन तरुण अग्निवीर मृत्यु पावले. दोघेहि विशीच्या उंबरठ्यावरचे. तेथें शत्रु नव्हता, युद्ध नव्हतें; नेहमींचा सराव होता. त्यांच्या आईबापांचें दुःख आम्ही युक्तिवादांत वापरूं इच्छीत नाहीं. एवढेंच विचारतों: ज्या शहराच्या वेशीवर हें घडलें, त्या शहरांत मुलांसमोर तोफ मांडून गाणीं वाजवितांना या दोघांचें स्मरण कोण करतो?

येथें आमच्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, मुलांना भीति घातली तर देशाचें रक्षण कोण करणार? आमच्या पूर्वजांनीं या आक्षेपास उत्तर देऊन ठेविलें आहे. पोवाडा हें मराठ्यांचें लोकप्रिय लष्करी संगीतच होतें. डफ-तुणतुण्यावर तो चव्हाट्यावर गाइला जाई आणि समोर पोरेंटोरें बसलेलीं असत. अफझलखानाच्या वधाचा पोवाडा अज्ञानदासानें गाइला, तसा पानिपतचाहि पोवाडा शाहिरांनीं गाइला. कोण पडले, किती बांगड्या फुटल्या, कोणत्या घरचा दिवा मालवला, हें शाहीर लपवीत नसे. तें ऐकून मराठ्यांचीं पोरें भ्याड झालीं नाहींत. किंमत ठाऊक असून जो पुढें येतो त्यालाच शूर म्हणतात. किंमत लपवून ज्याला पुढें आणिलें तो फसलेला असतो, आणि असल्या शिपायाचा सेनापतीसहि भरंवसा वाटूं नये.

दुसरा आक्षेप असा कीं, एवढ्याशा करमणुकीचा इतका बाऊ कशाला? गाण्यानें कोणी भरती होतो काय? यावर आम्ही आक्षेपकांसच विचारतों कीं, गाण्याचा कांहींच परिणाम होत नसेल तर तें मुलांपुढें वाजविण्याचा खटाटोप कशासाठीं? परिणाम होतो म्हणूनच तो केला जातो, आणि परिणाम होतो म्हणूनच त्याची जबाबदारीहि येते. नाशिकाशीं संबंध असलेलें एक उदाहरण येथें आठवतें. येथें १९३७ सालीं भोंसला मिलिटरी स्कूल काढणाऱ्या डॉ. मुंजे यांनीं १९३१ सालीं इटलींत मुसोलिनीच्या राजवटींतील बालिला संघटनेचीं गणवेशधारी मुलें पाहिलीं होतीं, आणि त्यांची शिस्त त्यांस फार भावली होती. डॉक्टरांच्या राजकारणाविषयीं मतभेद असोत; त्यांनीं शाळा काढली ती उघडपणें काढली, आणि तींत मुलगा घालावयाचा कीं नाहीं हें बापानें विचार करून ठरवावयाचें होतें. पण त्या इटालियन मुलांस विचार करण्यास कोणी सांगितलें होतें? त्यांना गाणीं दिलीं, गणवेश दिला, मिरवणूक दिली. त्या पिढीच्या हातीं शेवटीं काय उरलें हें १९४५ सालीं जगानें पाहिलें. आमचें सैन्य लोकसत्तेचें सैन्य आहे आणि त्याची तुलना त्या राजवटीशीं करणें अन्यायाचें होईल. म्हणूनच त्याच्याकडून अधिक प्रामाणिकपणाची अपेक्षा करण्याचा आम्हांस अधिकार आहे.

मग काय, बँड बंद करावयाचा? मुळींच नाहीं. नाशिकच्या पटांगणांत तो जरूर वाजावा, आणि मुलांना आवडतील तीं गाणीं वाजवावींत. सैनिक हाहि गाणारा, हंसणारा माणूस आहे हें मुलांनीं पाहावें. आमचें मागणें इतकेंच कीं, शेवटची धून संपल्यावर लगेच पांगापांग होऊं नये. दहा मिनिटें एकाद्या निवृत्त सुभेदारानें मंचावर यावें आणि साध्या मराठींत सांगावें: पहांटे किती वाजतां उठावें लागतें, बर्फांतल्या चौकीवर पत्र किती दिवसांनीं मिळतें, चार वर्षांनीं परत आलेल्याला काय मिळतें आणि काय मिळत नाहीं, बरोबरचा सोबती गेला त्या रात्रीं जेवण कसें झालें. मुलांनीं विचारावें आणि त्यानें उत्तर द्यावें. हें काम सैन्यास अवघड नाहीं. अशीं माणसें आमच्या जिल्ह्याच्या गांवोगांवीं आहेत, आणि तीं खोटें बोलत नाहींत.

आणि एक मागणें आमच्याच वर्गाजवळ आहे. मुलाला बँड ऐकावयास पाठविणारे सुशिक्षित आईबाप, तो “सैन्यांत जाणार” म्हणाला कीं कौतुकानें शेजाऱ्यांस सांगतात, आणि बारावीचा निकाल लागला कीं त्याला अभियांत्रिकीच्या वर्गांत नेऊन बसवितात. टाळ्या आमच्या मुलांच्या आणि बंदुका दुसऱ्यांच्या मुलांच्या खांद्यावर, अशी ही सोयीची देशभक्ति आहे. दुष्काळी तालुक्यांतल्या ज्या पोरानें तेंच गाणें त्याच पटांगणांत ऐकिलें, त्याच्यापुढें अभियांत्रिकीचा वर्ग नसतो. तो मात्र खरोखरच भरतीच्या रांगेंत उभा राहतो. त्याच्या कानावर काय पडतें आणि काय पडत नाहीं, याचा विचार आम्ही करावयाचा नाहीं तर कोणी करावयाचा?