मृग बहार आणि इफ्तारचे ताट

रमजान चांद्रवर्षाप्रमाणे येतो. त्यामुळे तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०२२ साली रोजे एप्रिलच्या उन्हात होते आणि इफ्तारला कलिंगड हवे होते. आता रमजान फेब्रुवारी-मार्चवर आला आहे. हा विदर्भातल्या संत्र्याच्या मृग बहाराचा काळ. पावसाळ्याच्या तोंडाशी फुललेल्या झाडांची फळे या दिवसांत तोडणीला येतात.

रोजा खजुराने सोडावा, तो नसेल तर पाण्याने, अशी पैगंबरांची शिकवण आहे. त्यानंतरचे ताट मात्र ज्या-त्या मुलखाचे असते. दिवसभर पाण्याचा थेंब न घेतलेल्या माणसाला संत्र्याच्या दोन फोडी किती तरतरी देतात, हे कुठल्याही धर्माचा उपास करणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

पण ते संत्रे नागपुरीच आहे ना, हे पाहून घ्यावे. त्या नावावर पुष्कळदा पंजाबकडचा किन्नू विकला जातो. किन्नू चकचकीत, घट्ट सालीचा, बिया जास्त असलेला. नागपुरी संत्रे दिसायला साधे, पण साल सैल आणि हाताने सहज सुटणारी. किन्नूही चांगलाच, पण त्याने स्वतःच्या नावाने विकले जावे. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते जपायला गिऱ्हाईकही जागे हवे.

वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडचा बागायतदार आज अडचणीत आहे. बांगलादेश हे त्याचे मोठे गिऱ्हाईक. तिथले आयात शुल्क गेल्या काही वर्षांत वाढत गेले आणि माल अडला. फळगळीचा फटका वेगळाच. संत्रे नाशवंत, भाव येईपर्यंत साठवून ठेवता येत नाही. अशा वेळी जवळचा बाजार हाच आधार.

या बाजारात फळ पिकवणारा बहुतेकदा हिंदू शेतकरी असतो, विकणारा अनेकदा बागवान आणि खाणारे आपण सगळे. अमक्याकडून घ्या, तमक्याकडून घेऊ नका, असे सांगणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे: बागवानाची गाडी रिकामी परतली नाही, तर बागेतला माल पुढे सरकणार कसा?

सामूहिक इफ्तारसाठी मशिदींमध्ये पेट्यांनी फळे येतात. यंदा त्यांत विदर्भाचे संत्रे आवर्जून मागवावे. आणि इतर वाचकांनीही संध्याकाळी नेहमीच्या गाडीवरून किलोभर घरी न्यावे.