भुताचा सातबारा

१३ सप्टेंबर १९६९ या दिवशी, शनिवारी सकाळी, अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर ‘स्कूबी-डू, व्हेअर आर यू!’ या चित्रमालिकेचा पहिला भाग दाखवला गेला आणि एका संग्रहालयात रात्री-अपरात्री हिंडणारे काळे चिलखत हे प्रत्यक्षात त्याच संग्रहालयाचा अभिरक्षक असल्याचे त्याच्या शेवटी निष्पन्न झाले. मूळ चित्रे विकून त्यांच्या जागी नकला टांगण्याचा या गृहस्थाचा उद्योग होता, आणि पौर्णिमेला चिलखत जिवंत होते ही जुनी दंतकथा त्याने त्या उद्योगाच्या संरक्षणासाठी अक्षरशः अंगावर चढवली होती. फ्रेड, डॅफ्नी, व्हेल्मा आणि शॅगी हे चार तरुण मित्र, ग्रेट डेन जातीचा त्यांचा भित्रा कुत्रा स्कूबी, ‘मिस्टरी मशीन’ नावाची रंगीत व्हॅन, पछाडलेली एखादी जागा, पळापळ, सापळा आणि अखेरीस ओढून काढलेला मुखवटा, असा साचा या पहिल्याच भागात तयार झाला आणि पहिल्या दोन हंगामांतील पंचवीस भागांत तो क्वचितच मोडला गेला.

या मालिकेकडे विवेकवादाचा बालपाठ म्हणून पाहण्याची पद्धत आहे. ती चुकीची नाही. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी ‘द डीमन-हाँटेड वर्ल्ड’ या ग्रंथात, अद्भुताच्या दाव्यांची पद्धतशीर तपासणी करून प्रत्येकाचा साधा ऐहिक उलगडा दाखवणारी, म्हणजे मोठ्यांसाठीची स्कूबी-डू म्हणता येईल अशी एखादी मालिका निघाली तर ती लोकसेवा ठरेल, असे मत मांडले होते. मात्र मालिकेच्या कर्त्यांना अंधश्रद्धेविरुद्ध मोहीम काढायची होती असा पुरावा नाही. त्यांची भुते खोटी ठरली ती व्यवसायाच्या अडचणीमुळे, आणि त्या अडचणीतून जे हाती आले ते विवेकवादापेक्षाही अधिक टोकदार होते, असे मूळ भाग पुन्हा पाहताना जाणवते.

अडचण अशी होती. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या, दूरचित्रवाणीवरील हिंसेविषयी अमेरिकेत मोठे वादळ उठले, आणि त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समध्ये पेगी शॅरन यांच्या पुढाकाराने ‘अ‍ॅक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन’ ही पालकांची संघटना उभी राहिली. ‘स्पेस घोस्ट’ किंवा ‘द हर्क्युलॉइड्स’ यांसारख्या मारधाडीच्या चित्रमालिकांवर, म्हणजे हॅना-बार्बेरा या निर्मितीसंस्थेच्या चलनी मालावर, त्यामुळे संक्रांत आली. सीबीएसच्या मुलांच्या कार्यक्रमांची जबाबदारी असलेल्या फ्रेड सिल्व्हरमन यांनी पर्याय म्हणून रहस्य आणि विनोद यांचे मिश्रण मागितले. किशोरवयीन वाद्यवृंदाच्या गोष्टी सांगणाऱ्या ‘द आर्ची शो’ला १९६८ मध्ये मिळालेले यश त्यांच्या डोळ्यांसमोर होते. जो रूबी आणि केन स्पिअर्स या लेखकद्वयाच्या सुरुवातीच्या आराखड्यातील मित्रमंडळीही त्यामुळे वाद्यवृंदच चालवत होती आणि त्यांचा कुत्रा बोंगो वाजवत होता. पात्रांचे मूळ मात्र ‘द मेनी लव्हज ऑफ डोबी गिलिस’ या १९५९ ते १९६३ या काळातील विनोदी मालिकेत होते, आणि त्या मालिकेतील दाढीवाला, कामाच्या नुसत्या उल्लेखाने दचकणारा मेनार्ड हाच शॅगीचा सरळसरळ पूर्वज आहे.

हा आराखडा आणि त्याची चित्रे पाहून वाहिनीचे अध्यक्ष फ्रँक स्टँटन यांनी तो नाकारला. लहान मुलांसाठी हे सारे फार भीतिदायक आहे, असा आक्षेप होता. तेव्हा आतापर्यंत कडेला असलेला कुत्रा मध्यभागी आणला गेला, त्याच्या आणि शॅगीच्या भित्रेपणावर विनोदाचा भार टाकला गेला आणि मुलांना हसण्याची जागा चुकू नये म्हणून ध्वनिमुद्रित हशाही जोडला गेला. (हा हशा आज ऐकताना असह्य होतो, पण त्या काळातील चित्रमालिकांत तो सर्रास असे.) भीती दाखवायची, पण बावीस मिनिटांच्या आत ती पूर्णपणे फेडून द्यायची, ही अट एकदा मान्य केल्यावर भूत खरे असणे शक्यच नव्हते. खऱ्या भुताचा बंदोबस्त करायचा तर मारामारी आली आणि मारामारीला मनाई होती. मुखवटा घातलेल्या माणसाला मात्र जाळ्यात अडकवून शेरीफच्या, म्हणजे परगण्याच्या निवडून आलेल्या पोलीस अधिकाऱ्याच्या, हवाली करता येत होते.

दुसरी अडचण पैशाची होती, आणि तिचाही भुतांच्या स्वभावावर परिणाम झाला. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी एमजीएम स्टुडिओत ‘टॉम अँड जेरी’चे लघुपट काढून सात ऑस्कर मिळवून दिले होते, पण १९५७ मध्ये तो विभाग बंद झाला आणि दूरचित्रवाणीच्या तुटपुंज्या अंदाजपत्रकात काम करण्यासाठी त्यांनी मर्यादित अ‍ॅनिमेशनची पद्धत रूढ केली. या पद्धतीत संपूर्ण आकृती पुन:पुन्हा न काढता फक्त हलणारा अवयव, म्हणजे तोंड, हात किंवा पाय, वेगळ्या पारदर्शक सेलवर काढतात आणि बाकीचे शरीर तसेच ठेवतात. योगी बेअर या त्यांच्या अस्वलाच्या गळ्यातील कॉलर ही धड आणि डोके यांमधील सांधा झाकण्याची सोय होती. चालणे एकदा काढले की तेच चक्र वारंवार वापरले जाई आणि पळणाऱ्या पात्रांच्या मागून तीच खिडकी, तोच दिवा, तेच चित्र पुन:पुन्हा सरकत जाई. ताठ, एकसुरी चालीने पुढे येणारे मुखवटाधारी भूत या पद्धतीला फारच मानवले, कारण ते अवघडल्यासारखे चालत असेल तर त्यात विसंगत काहीच नव्हते. ज्या भीतीला हालचालीतून उभे करणे परवडत नव्हते ती वॉल्टर पेरेगॉय यांच्या पार्श्वचित्रांवर सोपवली गेली. डिस्नेच्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’ची रंगयोजना करणाऱ्या या चित्रकाराने ओसाड वाडे, दलदली आणि बंद पडलेल्या खाणी जांभळ्या-हिरव्या अंधारात अशा रंगवल्या की मालिकेतील खरे अभिनेते कोण, असा प्रश्न पडावा.

पात्रांच्या आकृत्या इवाओ टाकामोतो यांच्या. जपानी वंशाच्या या अमेरिकन चित्रकाराला दुसऱ्या महायुद्धात कुटुंबासह मान्झानार येथील नजरकैदेच्या छावणीत ठेवण्यात आले होते. चित्रकलेचे पहिले धडे त्याला तेथील सहबंदीजनांकडून मिळाले, आणि सुटकेनंतर त्याने डिस्नेमध्ये उमेदवारी केली. स्कूबी रेखाटण्यापूर्वी टाकामोतो यांनी ग्रेट डेनची पैदास करणाऱ्या एका सहकारी स्त्रीकडून उत्तम कुत्र्याची लक्षणे समजून घेतली आणि मग ती सर्व उलटी केली: ताठ पाठीऐवजी उतरती पाठ, सरळ पायांऐवजी फेंगडे पाय, आटोपशीर हनुवटीऐवजी लोंबणारी. प्रदर्शनात पहिल्याच फेरीत बाद होईल असा हा कुत्रा आहे, आणि मालिकेचे टिकून राहणे बऱ्याच अंशी त्याच्यावर उभे आहे.

भूत दाखवायचे आणि शेवटी त्याचा ऐहिक उलगडा द्यायचा ही युक्ती अर्थात जुनी आहे. अ‍ॅन रॅडक्लिफ यांनी ‘द मिस्टरीज ऑफ उडोल्फो’ या १७९४ च्या कादंबरीत ती कौशल्याने वापरली होती, आणि समीक्षक त्स्वेतान तोदोरोव यांनी १९७० मध्ये, म्हणजे मालिकेच्या दुसऱ्या हंगामाच्या वर्षी, अद्भुत साहित्याची जी मीमांसा केली तीत अशा कृतींना स्वतंत्र दालन दिले: निसर्गनियम अबाधित ठेवून उलगडणारे ते विलक्षण, निसर्गनियम बदलायला लावणारे ते अद्भुत, आणि निर्णय होईपर्यंतची वाचकाची दोलायमान अवस्था हाच या प्रकाराचा गाभा. स्कूबी-डूत ही दोलायमान अवस्था प्रेक्षकाला नसतेच. शेवटी मुखवटा निघणार हे पाच वर्षांच्या मुलालाही ठाऊक असते. त्यामुळे ‘भूत आहे की नाही’ हा प्रश्न बाद होऊन ‘भूत कोणाच्या फायद्याचे आहे’ हा प्रश्न उरतो, आणि मालिका खऱ्या अर्थाने तेथून सुरू होते.

या प्रश्नाची उत्तरे एकत्र पाहिली की चित्र स्पष्ट होते. ‘माइन युअर ओन बिझनेस’ या भागात सोन्याच्या जुन्या खाणीत एका मृत खाणकामगाराचे भूत वावरते आणि पाहुणे पळून गेल्याने शेजारचे पर्यटक-निवास बुडू लागते. भूत निघते तो तेथलाच नोकर हँक, ज्याला खाणीत खनिज तेल सापडले आहे आणि मालकाला ते कळण्यापूर्वी ती जागा पदरात पाडून घ्यायची आहे. ‘स्पूकी स्पेस कुक’मधील चमकती कवटी आणि अंगावर काटा आणणारे हास्य असलेला अंतराळवासी हा शेजारचा शेतकरी आहे, ओसाड विमानतळ पुन्हा सुरू करण्यासाठी हवाई दल भोवतालच्या जमिनी घेणार हे त्याला आधी समजले आहे आणि बाकीचे शेतकरी घाबरून पळाले तर त्या जमिनी कवडीमोलाने घेऊन चढ्या भावाने विकता येतील असा त्याचा हिशेब आहे. प्रकल्पाची बातमी कानावर येताच रस्त्याकडेच्या जमिनींचे व्यवहार कसे होतात हे जाणणाऱ्या मराठी वाचकाला या अंतराळवासीयाची ओळख पटायला वेळ लागू नये. ‘गो अवे घोस्ट शिप’मध्ये मालवाहू जहाजे लुटणारा चाचा रेडबिअर्ड हा त्याच जहाजांचा मालक मॅग्नस निघतो. ‘अ नाइट ऑफ फ्राइट इज नो डिलाइट’मध्ये वारसांना पळवून लावणाऱ्या हिरव्या सावल्या हे मृत्युपत्राचे काम पाहणारे दोन वकीलच असतात, आणि ज्या संपत्तीसाठी एवढा खटाटोप झाला ती अमेरिकन यादवीत पराभूत झालेल्या दक्षिणेच्या संघराज्याच्या चलनात, म्हणजे रद्दी कागदांत, ठेवलेली असते.

अभिरक्षक, व्यवस्थापक, वकील, जहाजमालक, शेजारचा जमीनधारक: मालिकेची भुते ही समाजाच्या दृष्टीने भरवशाची, प्रौढ, बहुधा सभ्य पोशाखातील माणसे आहेत, आणि सर्व भागांत नसले तरी लक्षात राहणाऱ्या भागांत त्यांचा हेतू जागा रिकामी करून घेणे, तिचा भाव पाडणे किंवा तेथे चाललेला बेकायदा धंदा झाकणे हाच असतो. त्याहून महत्त्वाची बाब अशी की हा खलनायक भुताची कल्पना सहसा स्वतः निर्माण करत नाही. खाणीत मेलेला कामगार, बुडालेला कप्तान, पौर्णिमेचे चिलखत या कथा गावात आधीपासून सांगितल्या जात असतात. तो फक्त ती कथा काही काळ भाड्याने घेतो, तिला थोडे अंधारात चमकणारे समुद्रशेवाळ फासतो, एखादा प्रक्षेपक लावतो आणि उरलेले काम लोकांच्या श्रद्धेवर सोपवतो. श्रद्धाळूंची टिंगल मालिका करत नाही. तिचे लक्ष श्रद्धेच्या भाडेकरूवर असते. मर्यादा एवढीच की शेरीफ येऊन त्या एका माणसाला घेऊन गेला की प्रकरण मिटते, आणि अशा माणसांना जमीन स्वस्तात मिळवून देणाऱ्या व्यवस्थेविषयी अक्षरही निघत नाही. शनिवार सकाळच्या कार्यक्रमाकडून त्याहून अधिकाची अपेक्षा करणेही वाजवी नव्हे.

विवेकवादी वाचनात न बसणारी एक गोष्ट शॅगी आणि स्कूबी यांच्या भीतीची आहे. या दोघांनी पंचवीस भुतांचे मुखवटे उतरलेले पाहिले, काही स्वतःच्या धडपडीने अपघाताने पकडलीही, तरी सव्विसावे भूत दिसताच ते पूर्वीच्याच वेगाने पळत सुटतात, आणि त्यांना परत अंधाऱ्या खोलीत पाठवण्यासाठी व्हेल्माला ‘स्कूबी स्नॅक’ची लाच द्यावी लागते. मालिकेच्या दृष्टीने ही केवळ विनोदाची गरज होती, परंतु तिच्यातून निघणारे निरीक्षण अचूक आहे: पुराव्याने समजूत बदलते, भीती बदलेलच असे नाही, आणि ज्याला भुते नसतात हे पूर्ण पटलेले असते त्याचेही पाय ओसाड वाड्याच्या उंबरठ्यावर अडखळतात. व्हेल्माचे तर्क आणि शॅगीची धूम एकाच व्हॅनमधून प्रवास करतात, आणि त्यांपैकी कोणीही दुसऱ्याला सुधारण्याचा हट्ट धरत नाही. भारतात १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क आल्यानंतर, प्रथम इंग्रजीत आणि पुढे हिंदीत, ही मालिका पाहत वाढलेल्या मराठी मुलांनाही व्हेल्मापेक्षा शॅगीच अधिक जवळचा वाटला असेल तर त्याचे कारण तेच.

साच्याच्या यशामागोमाग नकला आल्या, आणि त्यांतील बहुतेक हॅना-बार्बेराने स्वतःच काढल्या: कुत्र्याच्या जागी बोलणारी मोटार, शार्क मासा किंवा गुहामानव ठेवायचा आणि मित्रमंडळी तशीच चालू द्यायची. खुद्द स्कूबी-डूतही १९७९ मध्ये स्क्रॅपी-डू हा निडर भाचा आणला गेला. घसरत्या लोकप्रियतेला त्याने काही काळ टेकू दिला, पण भित्रेपणावर उभ्या असलेल्या रचनेत शूर कुत्रा काय करणार, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला. १९८५ च्या ‘द थर्टीन घोस्ट्स ऑफ स्कूबी-डू’मध्ये भुते खरी झाली आणि त्याबरोबर हेतूचा प्रश्नच संपला, कारण खऱ्या भुताला जमीन विकत घ्यायची नसते.

अपवाद १९९८ च्या ‘स्कूबी-डू ऑन झोम्बी आयलंड’ या चित्रपटाचा. त्यात मोठे झालेले हे मित्र मुखवट्यांना कंटाळून वेगवेगळ्या वाटांनी गेलेले असतात आणि खऱ्या भुताच्या शोधात लुइझियानातील एका बेटावर येतात. तेथे फ्रेड जुन्या सवयीने एका झोम्बीचा मुखवटा ओढतो आणि डोकेच त्याच्या हातात येते. परंतु हे चालते मुडदे प्रत्यक्षात पूर्वीचे बळी असतात आणि नव्या पाहुण्यांना सावध करण्यासाठी उठलेले असतात. पाहुण्यांना बेटावर आणून त्यांचा प्राण शोषून घेणारी, दोन शतके त्या जागेवर ठाण मांडून बसलेली आणि दिवसा अगत्याने जेवू घालणारी सिमोन ही त्या बेटाची मालकीण असते.