मराठवाडी बोलीतला डॉक्टर कुठं आहे?

एप्रिल २०१७मध्ये आपल्या धाराशिवात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, ९७वं अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन भरलं. अध्यक्ष होते जयंत सावरकर. तळीराम, अंतू बर्वा अशा भूमिकांनी लक्षात राहिलेले हे नट. नायकपद त्यांच्या वाट्याला फारसं आलं नाही. रंगभूमीनं आपला मोठा मान अशा नटाला दिला, याचं मला आजही मोल वाटतं. एकाच छापाच्या भूमिकांचा शिक्का बसलेल्या नटाच्या नशिबी हे सहसा येत नाही.

निळू फुल्यांचंच घ्या. १९६८च्या ‘एक गाव बारा भानगडी’ या चित्रपटापासून त्यांनी बेरकी माणूस असा उभा केला, की खेड्यापाड्यांतल्या बाया त्यांना खरोखरीचा दुष्ट समजत. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेला केवढा सज्जन माणूस तो! ‘सिंहासन’मधला (१९७९) त्यांचा पत्रकार दिगू टिपणीस मात्र सगळं राजकारण उघड्या डोळ्यांनी बघतो आणि शेवटी त्याचंच डोकं फिरतं. फुल्यांच्या आत हाही माणूस आहे, हे दिग्दर्शक जब्बार पटेलांनी ओळखलं. त्याच पटेलांनी १९९२मध्ये पुलंच्या पटकथेवर ‘एक होता विदूषक’ केला, लक्ष्मीकांत बेर्डेंना घेऊन. माझ्या मते बेर्डेंचं ते सर्वांत खोल काम. पण चित्रपट चालला नाही. लोकांना नेहमीचा हसवणारा लक्ष्याच हवा होता. इथं निर्मात्याला बोल लावून भागत नाही. तिकीट न काढणारे आपणच होतो.

आपल्याकडच्या, मराठवाड्यातल्या नटाचं दुखणं याहून वेगळं आहे. त्याच्यावर भूमिका करण्याआधीच, तोंड उघडताक्षणी शिक्का बसतो. ‘काय करायलाव?’ म्हटलं की तो गावाकडचा मित्र, नाहीतर हवालदार. मकरंद अनासपुरेंनी मराठवाडी बोली नायकाच्या तोंडी नेली, हे त्यांचं ऋण मोठं आहे. पण मालिका-सिनेमावाल्यांनी त्यातून उचललं काय, तर बोली म्हणजे हशा. कळंब-उमरग्याची माणसं हसवण्यासाठी बोलत नाहीत. सोयाबीनचा भाव पडला तर याच बोलीत सांगतात, लेकीच्या लग्नाची बोलणी हिच्यातच होतात आणि मयतीच्या घरी आक्रोशही हिच्यातच उठतो.

नटाची ताकद कमी पडते म्हणावं, तर मराठवाड्याच्याच लक्ष्मण देशपांड्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्यानं ५२ पात्रं उभी केली. आणि तुळजापूरच्या वाटेवर गोंधळी आख्यान लावतो तेव्हा तोच राजा होतो, राणी होतो, दूतही होतो. एका माणसानं अनेक रूपं घेणं आपल्या मातीला नवं नाही.

म्हणून जिल्ह्यात राज्य नाट्य स्पर्धेसाठी संहिता लिहिणाऱ्या मित्रांना माझी कळकळीची विनंती आहे. तुमच्या नाटकातला डॉक्टर, न्यायाधीश आणि प्रियकरही आपल्या बोलीत बोलू द्या. ती भूमिका हौशी मंडळातल्या त्या नटाला द्या, ज्याला आजवर फक्त हवालदार मिळाला. आणि वाचकहो, प्रयोग लागला की तिकीट काढून बघायला जा.